किचनमध्ये जादा पॉइंट: नुसती भोकं वाढवायची की लाइन?

फ्लॅट जुना असो की नुकताच ताबा मिळालेला, ओट्याच्या भिंतीवर एक बोर्ड, फ्रिजपाशी एक पॉइंट आणि सिंकच्या वर वॉटर प्युरिफायरसाठी एक, एवढ्यावर स्वयंपाकघर भागवलेलं असतं. मिक्सर, मायक्रोवेव्ह, इंडक्शन, केटल आणि अलीकडे एअर फ्रायर यांनी तिथेच दाटीवाटीने बसायचं. इलेक्ट्रिकच्या दुकानात जाऊन "जादा प्लगसाठी काहीतरी द्या" म्हटलं की काउंटरवर मल्टिप्लग येतो, एक्स्टेन्शन बोर्ड येतो, हौशी गिऱ्हाईक दिसलं तर ग्रॅनाईटमधून वर येणारा पॉप-अपही येतो. दुकानदार जाणता असेल तर आधी विचारतो, "लाइन कुठून आहे?" या सगळ्या मालाची पारख त्याच प्रश्नावर करायला हवी. वस्तूने फक्त भोकं वाढतात, की वीज आणणारी वायरही वाढते?

हिशेब साधा आहे. २३० व्होल्टवर ६ ॲम्पिअर म्हणजे १३८० वॉट आणि १६ ॲम्पिअर म्हणजे ३६८० वॉट. २००० वॉटचं इंडक्शन ८.७ ॲम्पिअर ओढतं, १५०० वॉटची केटल ६.५, आत १४०० वॉट घेणारा मायक्रोवेव्ह ६.१ आणि ७५० वॉटचा मिक्सर ३.३. सकाळी डब्यांच्या घाईत चारही एकदम चालले की बेरीज २४.६ ॲम्पिअर. ही सगळी मंडळी बहुतेक घरांत एकाच २.५ चौरस मिमीच्या वायरवर आणि एकाच १६ ॲम्पिअरच्या एमसीबीवर (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचवर) बसलेली असतात. जुने वायरमन २.५ ला 'सात-बावीस' आणि ४ ला 'सात-वीस' म्हणतात. तारांची संख्या आणि गेज सांगणारी ही भाषा अजून टिकून आहे, तेव्हा गोंधळू नका.

इथे एमसीबीबद्दलचा एक गैरसमज काढून टाकायला हवा. १६ ॲम्पिअरचा एमसीबी १६ च्या वर काटा गेला की लगेच पडत नाही. मानकानुसार तो १.१३ पट, म्हणजे सुमारे १८ ॲम्पिअर, तासभर न पडता वाहून नेतो आणि १.४५ पट, म्हणजे २३.२ ॲम्पिअर झाले की तासाभराच्या आत पडतो. म्हणूनच "सारखा ट्रिप होतो, २० चा टाकून देतो" हे वायरमनचं वाक्य धोक्याचं आहे. २० चा एमसीबी २९ ॲम्पिअर जवळजवळ तासभर चालू देऊ शकतो आणि भिंतीतली २.५ ची वायर तोवर तापत राहते. वायर न बदलता एमसीबी वाढवणाऱ्याला त्याच पावली परत पाठवावं.

मल्टिप्लग आणि कन्व्हर्टर

गुण १० पैकी १. तो एक गुणही मोबाइलचा चार्जर लावायला सोय होते म्हणून. तीन तोंडांचा मल्टिप्लग सॉकेटमधून बाहेर लोंबतो, त्याच्या वजनाने पिना खाली झुकतात, सॉकेटच्या आतल्या पितळी पट्ट्या सैल होतात. सैल संपर्क म्हणजे रोध, आणि रोधातून प्रवाह गेला की उष्णता. संपर्कात नुसता ०.२ ओहम रोध आला आणि १३ ॲम्पिअर वाहिले तर तिथे ३४ वॉट उष्णता तयार होते. सोल्डरिंग करण्याची साधी इस्त्री २५ वॉटची असते. सॉकेटच्या पोटात तशी एक इस्त्री सतत चालू ठेवल्यासारखं हे आहे. प्लेट आधी पिवळसर, मग तपकिरी होते, आणि आगीच्या आधी करपल्याचा, कधीकधी चक्क मासळीसारखा वास येतो. बोंबील कोण भाजतंय हे शोधण्याआधी बोर्ड बघावा.

याहून वाईट म्हणजे १६ च्या जाड पिनांचा प्लग ६ च्या सॉकेटमध्ये बसवून देणारा कन्व्हर्टर. उत्पादकाने जाड पिना दिल्या त्या याच कारणासाठी, की तो प्लग ६ मध्ये जाऊच नये. कन्व्हर्टर तेवढी एक अडवणूक पैसे घेऊन काढून टाकतो. गुण शून्य.

एक्स्टेन्शन बोर्ड

चांगल्या कंपनीचा, शटर असलेला, स्वतःचा ओव्हरलोड कटआउट असलेला बोर्ड वाईट वस्तू नाही, जागा चुकीची आहे. विकत घेताना खोक्यावर दोन गोष्टी वाचा: एकूण किती ॲम्पिअरचा, आणि वायर किती चौरस मिमीची. स्वस्त बोर्डांत ०.७५ ची वायर असते आणि सॉकेट मात्र चार. मिक्सर आणि हँड ब्लेंडर यांना तो पुरेल, पण इंडक्शन, ओटीजी, केटल, एअर फ्रायर यांना नाही. वायरचं भेंडोळं न सोडता बोर्ड वापरला तर आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडत नाही आणि आवरण मऊ होतं. शिवाय ओट्यावर पाणी, तेल, पीठ सगळंच असतं. भाड्याच्या घरात तात्पुरता उपाय म्हणून १० पैकी ४, कायमचा म्हणून २.

पॉप-अप आणि ट्रॅक सॉकेट

आयलंड किचनच्या फोटोंत हे फार देखणे दिसतात. पॉप-अपसाठी ग्रॅनाईटला गोल भोक पाडावं लागतं, आणि आपल्याकडे ओटा पुसायची पद्धत म्हणजे पाणी ओतून फडका फिरवणे. झाकणाचं रबर वर्षा-दोन वर्षांत कडक झालं की तेच पाणी आत उतरतं. दुसरी अडचण 'युनिव्हर्सल' सॉकेटची. चपट्या, गोल, सगळ्या देशांच्या पिना घेणारं सॉकेट आपल्या गोल पिनांना घट्ट धरत नाही. घ्यायचाच असेल तर भारतीय ६/१६ सॉकेटचा, पाण्यापासून संरक्षणाचा आयपी आकडा छापलेला घ्या आणि सिंकपासून लांब बसवा.

भिंतीवरचा ट्रॅक त्यापेक्षा बरा. पट्टीवर हवं तिथे सॉकेट सरकवता येतं, ओट्यावर भोक नाही. पण फोडणीचं तेल आणि वाफ त्या खाचेत जाऊन बसते, आणि खाच पुसायला बोट जात नाही. भिंतीतली लाइन जुनीच राहिली तर या महागड्या पट्टीनेही भोकंच वाढतात.

बोर्डावरून बोर्ड: लूपिंग

"भिंत फोडायला नको, याच बोर्डावरून पुढे एक काढून देतो." दर स्वस्त, काम तासाभराचं. कधी चालतं? मूळ बोर्डाला डीबीपासून (घरातले सगळे एमसीबी असलेल्या मुख्य पेटीपासून) स्वतंत्र २.५ किंवा ४ ची लाइन असेल आणि नवा पॉइंट चिमणी, प्युरिफायर किंवा मिक्सरसाठी असेल तर. मूळ बोर्ड दिव्या-पंख्याच्या सर्किटवर असेल, म्हणजे वायर १ किंवा १.५ ची असेल, तर त्यावर १६ चं सॉकेट बसवणं म्हणजे बैलगाडीला ट्रकची चाकं लावणं. वायरिंग शिकणाऱ्या पोरांना पहिल्या वर्षी शिकवला जाणारा नियम असा: दिवे-पंख्याच्या सर्किटवर १० पॉइंट किंवा ८०० वॉट, आणि पॉवरच्या सर्किटवर दोन पॉइंट किंवा ३००० वॉट. किचनमध्ये हा नियम रोज मोडला जातो आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही.

तपासायला सोपं आहे. किचनचा एमसीबी पाडा आणि घरभर फिरून काय काय बंद झालं ते बघा. हॉलचा पंखा किंवा बेडरूमचा दिवा गेला, तर त्या लाइनवर नवीन काहीही लादायचं नाही.

डीबीपासून नवी लाइन

पूर्ण गुण याच कामाला, आणि कष्टही यातच. साहित्य असं: डीबीत रिकामा खण, २० ॲम्पिअरचा सी प्रकारचा एमसीबी, फेज, न्यूट्रल आणि अर्थ तिन्हींसाठी ४ चौरस मिमीची तांब्याची वायर, २५ मिमी पीव्हीसी पाइप, जीआयचा मेटल बॉक्स आणि मॉड्युलर प्लेट. डीबी ते ओटा वळणांसकट १२ मीटर धरले तर तिन्ही रंग मिळून ३६, वर जोडणीसाठी थोडी, म्हणजे ४० मीटर लागते. फेजला लाल, पिवळा किंवा निळा, न्यूट्रलला काळा, अर्थला हिरवा. "हिरवी संपली, काळीच टाकतो" हे चालवून घेऊ नका, दहा वर्षांनी बोर्ड उघडणारा माणूस रंगावर विश्वास ठेवून हात घालणार असतो.

४ ची वायर कशाला, २.५ पुरत नाही का? एकाच मायक्रोवेव्हसाठी लाइन असेल तर २.५ आणि १६ चा एमसीबी पुरतो. दोन सॉकेटवर दोन जड उपकरणं चालायची असतील तर ४ घ्या. मजुरी तीच, झिरी (वायरसाठी भिंतीत पाडलेली खाच) तीच. फरक फक्त तांब्याचा, आणि भिंत बंद झाल्यावर तो फरक भरून काढता येत नाही.

डीबीत आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर याच वेळी ३० मिलिॲम्पिअरचा बसवून घ्या. एमसीबी वायरला वाचवतो, आरसीसीबी माणसाला. ओल्या हाताने बिघडलेल्या मिक्सरला हात लागला तर अंगातून जाणारा प्रवाह इतका कमी असतो की एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. पैसे खर्च करायची तयारी असेल तर किचनच्या लाइनला स्वतंत्र आरसीबीओ लावा, एकाच तुकड्यात दोन्ही कामं. त्याचा खरा फायदा सुट्टीत गावी गेल्यावर कळतो: दुसऱ्या खोलीतल्या गळतीने फ्रिज बंद पडून आतलं सगळं सडत नाही.

आता भिंत. झिरी उभी मारायची, तिरकी कधीच नाही. तिरक्या झिरीतल्या वायरवर पुढे कुणीतरी कपाटाचा ड्रिल हमखास मारतो. चार इंची भिंतीत खोली जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवा, आणि अशा भिंतीत लांब आडवी झिरी टाळाच. भिंतीच्या पलीकडे हॉल किंवा बेडरूम असेल तर पलीकडून, रंगाच्या बाजूने झिरी मारून घ्या आणि टाइल्सच्या बाजूला फक्त बॉक्सपुरतं भोक पाडा. लांबी-प्लास्टर आणि रंगाचा एक पट्टा परवडतो, पण दहा वर्षांपूर्वीच्या डॅडो टाइल्सचा जोड आता मिळत नाही. टाइल कापताना आधी चारी कोपऱ्यांत ६ मिमीची भोकं, मग डायमंड ब्लेडच्या कटरने सरळ काप. छन्नी-हातोडा थेट टाइलवर आला की तडा शेजारच्या टाइलमध्ये जातोच.

नव्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांनी इथे थांबायचं. मिव्हान पद्धतीच्या इमारतींत विटा नसतात, अख्खी भिंत सळ्यांसकट काँक्रीटची असते आणि तीच इमारत तोलते. तिथे झिरी मारणं म्हणजे कॉलमला चर पाडणं, सोसायटी परवानगी देत नाही ते बरोबरच आहे. अशा घरात आणि भाड्याच्या घरात केसिंग-कॅपिंग (भिंतीवरून वायर नेणारी झाकणाची पट्टी) आणि सरफेस बॉक्स. ट्रॉलीच्या वरच्या कपाटांच्या माथ्यावरून पट्टी नेली तर दिसतही नाही. मात्र पट्टी स्क्रू आणि फिशरने बसवा. डबल टेप तेलकट वाफेत पहिला पावसाळाही काढत नाही.

जागा ठरवताना मापं अशी. बॉक्सचा खालचा काठ ओट्यापासून आठ-नऊ इंच वर, म्हणजे मिक्सरची वायर पोहोचते आणि कणकेचं पाणी उडत नाही. सिंकच्या नळापासून किमान दोन फूट. शेगडीच्या बर्नरच्या बरोबर वर कधीच नाही, बाजूला दीड फूट सोडून. डिशवॉशरचं सॉकेट मशीनच्या मागे ठेवलं तर मशीन भिंतीला टेकत नाही, आणि बंद करायचं तर ते ओढून काढावं लागतं. सॉकेट शेजारच्या कपाटात, पाण्याच्या जोडणीपेक्षा उंचावर, आणि त्याचा स्विच वर ओट्याच्या बोर्डावर घ्या. कोकणात आणि मुंबईत पश्चिमेकडच्या बाहेरच्या भिंतीत बॉक्स शक्यतो नको. जुलैत भिंत ओल धरते आणि आरसीसीबी विनाकारण पडतो असं वाटत राहतं. कारण असतं, ते भिंतीत असतं. बॉक्सची न वापरलेली तोंडं बंद ठेवा, पालीला उबदार बॉक्स फार आवडतो.

सॉकेट, स्विच, वायर: काय बघून घ्यावं

अँकर, लेग्रँड, हॅवेल्स, जीएम, श्नायडर यांपैकी कुणाचंही घ्या, किचनपुरतं ब्रँडपेक्षा मालिकेला महत्त्व आहे. प्लेट, स्विच, सॉकेट एकाच मालिकेतले हवेत, नाहीतर साच्यात बसत नाहीत. ६/१६ सॉकेट दोन मॉड्यूल (प्लेटवरचे खण) जागा घेतं आणि १६ चा स्विच बहुतेक मालिकांत एक. म्हणजे एका जोडीला तीन मॉड्यूल, सहा मॉड्यूलच्या प्लेटमध्ये दोन जोड्या नेमक्या बसतात. पण ४ ची वायर ताठ असते, सहाच्या बॉक्समध्ये ती दुमडून दाबावी लागते. आठचा बॉक्स घेऊन उरलेल्या दोन जागी कोरी पट्टी लावली तर वायरला श्वास मिळतो.

सॉकेट हातात घेऊन मागची बाजू बघा. स्क्रूखाली वायर दाबणारी पट्टी आहे की स्क्रूचं टोक थेट तारांत घुसतं? पट्टीवालं घ्या. पुढून शटर हवं, म्हणजे अर्थची पिन गेल्याशिवाय बाकीची भोकं उघडत नाहीत आणि मुलांचा चमचा आत जात नाही. आयएसआयच्या खुणेवर आयएस १२९३ हा आकडा असतो, वायरवर आयएस ६९४. खुणेखालचा सीएम/एल क्रमांक बीआयएस केअर ॲपवर टाकला की परवाना खरा की खोटा ते जागेवर कळतं. ॲप उघडताच काही दुकानदार दुसरं खोकं काढतात, तोही एक निकाल समजा.

पुण्यात तपकीर गल्ली आणि मुंबईत लोहार चाळ, या दोन ठिकाणी हा सगळा माल एका फेरीत मिळतो आणि भावात फरक पडतो. दर इथे लिहीत नाही, तांब्याच्या भावाबरोबर वायरचा दर हलतो आणि आजचा आकडा पुढच्या महिन्यात खोटा ठरतो. वायर सुट्टी मीटरवर घेतलीत तर आवरणावर छापलेला आकडा आणि कंपनीचं नाव तुकड्यावर आहे ना ते बघा. कॉइल ९० मीटरची असते, ४५ चीही मिळते. ४० मीटरच्या कामाला ४५ ची सरळ पडते. तांब्याच्या नावाखाली तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम मिळत असेल, तर ब्लेडने एक तार खरवडा. आतून पांढरी निघाली की परत करा.

वायरमन की ॲपवरून बुकिंग

ॲपवरून येणारा माणूस वेळेवर येतो आणि दरपत्रक दाखवतो. सॉकेट बदलणं, प्लेट बदलणं याला तो उत्तम. डीबीपासून लाइन ओढण्याचं काम त्याच्या दरपत्रकात नीट बसत नाही, आणि झिरी बुजवायला तो थांबत नाही. या कामाला परवाना असलेल्या ठेकेदाराचा वायरमन बरा, कारण डीबीला हात लावायचा आहे. भाव ठरवताना "पॉइंटला किती" एवढंच विचारू नका. पॉइंटच्या दरात बोर्डातल्या बोर्डात काम धरलेलं असतं, डीबीपासूनची लाइन वेगळी मीटरवर लागते. झिरी, प्लास्टर आणि राडारोडा कुणाकडे, हे आधीच कागदावर घ्या. शेवटच्या दिवशीची सगळी भांडणं राड्यावरूनच होतात. आणि वीजबिलावरचा मंजूर भार एकदा बघून ठेवा, गिझर, एसी आणि इंडक्शन एकदम चालवायचे असतील तर भार वाढवायचा अर्ज आधी, सॉकेट नंतर.

कामावर लक्ष कुठे ठेवायचं? टर्मिनलमध्ये वायर शिरत नाही म्हणून दोन-चार तारा कापून टाकल्या जातात का, इथे. ४ ची वायर कापून २.५ केली तर पैसे भिंतीत गेले. पिन लग (तारांच्या टोकावर बसवायची धातूची टोपी) दाबून घ्यायला सांगा. जुन्या इमारतीत भिंतीतून पांढरी ॲल्युमिनियमची वायर निघाली तर तिला तांब्याचा नुसता पीळ मारून टेप लावू देऊ नका. दोन धातूंचा तो जोड हळूहळू गंजतो आणि तापतो.

काम ताब्यात घेताना

टेस्टर पेटला म्हणजे झालं, असं नाही. मल्टिमीटरवर फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्हीकडे २३० च्या आसपास हवं. मग त्याच लाइनवर इंडक्शन पूर्ण ताकदीने चालवा आणि शेजारच्या सॉकेटवर न्यूट्रल-अर्थ मोजा. व्होल्ट-दोन व्होल्ट दिसले तर ठीक. भार असतानाही नेमका शून्य आला, तर बोर्डात अर्थची पिन न्यूट्रलला जोडल्याचा दाट संशय घ्या. अर्थिंग नसलेल्या जुन्या चाळी-वाड्यांत हा उद्योग सर्रास होतो. मागे कुठे न्यूट्रल तुटला की फ्रिजचा पत्रा थेट फेजवर येतो.

वायरमनकडे १०० वॉटच्या बल्बचा टेस्ट लॅम्प असतोच. तो फेज आणि अर्थमध्ये लावायला सांगा. आरसीसीबी ताबडतोब पडला पाहिजे. बल्ब झगझगीत पेटला आणि आरसीसीबी जागचा हलला नाही, तर बहुधा प्रवाह अर्थमधून गेलाच नाही, तो न्यूट्रलवरून परत आला किंवा ही लाइन आरसीसीबीच्या आधीच जोडली गेली आहे. दोन्हींत बोर्ड पुन्हा उघडायचा, पैसे नंतर. उलट प्रकारही होतो: नवी लाइन जोडल्यापासून आरसीसीबी टिकतच नाही. तिथे बहुधा नव्या फेजला न्यूट्रल जुन्याच सर्किटचा, आरसीसीबीच्या बाहेरचा घेतलेला असतो. डीबीत न्यूट्रलची वायर हलवली की प्रश्न मिटतो. "आरसीसीबीच खराब आहे, काढून टाकू" हे उत्तर ऐकून घेऊ नका.

इंडक्शन वीस मिनिटं चालवून स्विच बंद करा, प्लग काढा आणि पिनेला बोट लावा. कोमट असेल तर चालेल, चटका बसला तर सॉकेट उघडून स्क्रू आवळायचे. महिन्याभराने मेन बंद करून एकदा सगळे स्क्रू पुन्हा आवळून घ्या, अनेक तारांची वायर दाबाखाली बसते आणि स्क्रू पाव आटा सैल पडतो. हे काम मजुरीतच धरून ठेवा. आणि झिरी बुजवण्याआधी भिंतीला मोजपट्टी लावून फोटो काढा. पुढच्या वेळी ड्रिल घेऊन येणाऱ्या सुताराला तो दाखवायचा आहे.